एक जेली, एक बरणी: ध्रुवीय समुद्रात जेलीफिशवरचे अँफिपॉड कसे गोळा करावेत

पहिल्या मोसमात मी स्वालबार्ड या आर्क्टिकमधल्या बेटांवरच्या कोंग्सफ्योर्डमधून, म्हणजे जमिनीत शिरलेल्या समुद्राच्या एका अरुंद फाट्यातून, तीस जेलीफिश आणल्या, आणि सगळ्या एकाच मोठ्या बादलीतून आणल्या. किनाऱ्यावर येऊन बादलीत डोकावले तर तळाशी हिरव्या डोळ्यांचे अँफिपॉड सैरावैरा पळत होते, चाळीसच्या वर. कोण कुठल्या जेलीवरून उतरला, छत्रीच्या आत बसला होता की बाहेर, एका जेलीवर दहा होते की दहा जेलींवर एकेक, यातलं काहीही आता कळणार नव्हतं. प्राणी हाती लागले होते, त्यांची हकीकत समुद्रातच राहिली होती. ते नमुने मी जपून ठेवले, पण त्यांच्यावरून 'ही जात या फ्योर्डमध्ये सापडते' यापलीकडे काही सांगता आलं नाही, आणि तेवढं तर आधीच माहीत होतं.

तुम्ही स्वालबार्डला किंवा अंटार्क्टिकाला पहिल्यांदा जाणार असाल आणि या प्राण्यांवर काम करायचं मनात असेल, तर माझी ती बादली लक्षात ठेवा. हायपेरीड अँफिपॉड आणि त्याची जेली यांचं नातं फार हलकं असतं. जाळं ओढलं, पाणी ढवळलं, बरणी जराशी गरम झाली की ते सुटतं आणि पुन्हा जुळवता येत नाही. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं ते नातं सुटण्याआधी टिपण्यासाठी आहे.

कोणाला शोधायचं

अँफिपॉड हे कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातले छोटे प्राणी. त्यातला हायपेरीड नावाचा गट तळ आणि किनारा सोडून कायमचा खुल्या पाण्यात राहायला गेला. तिथे पाय टेकायला काही नाही, लपायलाही काही नाही. आहेत त्या जेलीफिश, कोम्ब जेली, साल्प, म्हणजे पाण्याइतकेच मऊ आणि आरपार दिसणारे प्राणी. बरेचसे हायपेरीड आयुष्यातला काही काळ, किंवा जवळजवळ सगळं आयुष्य, यांच्या अंगावर काढतात.

आर्क्टिकमध्ये तुमची गाठ मुख्यतः तिघांशी पडेल. पहिला हायपेरिया गाल्बा. साधारण सेंटीमीटरभर लांब, अंगाने गोलसर, आणि डोकं म्हणजे जवळपास नुसते डोळे, तेही हिरवे. हा बहुतेक वेळा सायनिया कॅपिलाटा या आयाळवाल्या मोठ्या जेलीफिशवर किंवा ऑरेलिया या दुसऱ्या जेलीफिशवर सापडतो. दुसरा हायपेरोके मेड्युसारम, ज्याचं वर्णन डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ हेन्रिक क्रोयर यांनी १८३८ मध्ये केलं. तो कोम्ब जेलींवर आणि हायड्रोमेड्युसा या लहान जेलीफिशवर जास्त दिसतो. तिसरा थेमिस्टो लिबेलुला. हा खरं तर मोकळा पोहणारा शिकारी आहे, चांगला पाच-सहा सेंटीमीटरपर्यंत वाढतो. ध्रुवीय कॉड, रिंग्ड सील आणि लिटल ऑक पक्षी यांच्या जेवणात तो मोठ्या प्रमाणात असतो. तुमच्या बरणीत तो आला तर बहुतेक वेळा वाटेवरचा पाहुणा म्हणून आलेला असतो, म्हणून त्याला ओळखता येणं तितकंच गरजेचं.

दक्षिणेकडे हायपेरिया मॅक्रोसेफाला आहे, थेमिस्टो गौडिचौडी आहे आणि हायपेरिएला या वंशातल्या जाती आहेत. डिप्लुल्मारिस अंटार्क्टिका या सुंदर जेलीफिशच्या छत्रीवर अँफिपॉड बसलेले फोटो पाणबुड्यांनी बर्फाखालून काढलेले आहेत. पण दक्षिणेतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट जेलीफिशची नाहीच. हायपेरिएला डायलाटाटा हा अँफिपॉड क्लायोनी नावाची एक बिनशिंपल्याची समुद्री गोगलगाय पकडतो आणि पाठीवर धरून फिरतो. खात नाही, नुसता धरून ठेवतो. क्लायोनीच्या अंगात माशांना न आवडणारं रसायन असतं, त्यामुळे मासा ही जोडी तोंडात घेतो आणि थुंकून टाकतो. जेम्स मॅक्लिंटॉक आणि जॉन जॅन्सेन यांनी अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो साउंडमधलं हे निरीक्षण १९९० मध्ये प्रसिद्ध केलं. या गटात कोण कोणाला कशासाठी धरून बसलं आहे हे नुसतं बघून ठरवू नये, हे मी त्यावरून शिकले.

याच कारणासाठी वहीत 'परजीवी' हा शब्द लगेच लिहू नका. हायपेरिया आपल्या यजमानाचा, म्हणजे ज्या जेलीवर तो राहतो तिचा, मांसल भाग आणि जननग्रंथी कुरतडतो, तिने पकडलेलं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीवही पळवतो, आणि त्याची पिल्लं यजमानाच्याच अंगावर वाढतात. हे सगळं खरं आहे. पण तुमच्या समोरचा विशिष्ट प्राणी त्या घटकेला खात होता, लपला होता की नुसता वाहून चालला होता, हे त्याचं पोट उघडल्याशिवाय कळत नाही. तोवर मी 'जेलीवर, आत, जननग्रंथीपाशी, हालचाल नाही' एवढंच लिहिते.

कधी आणि कुठे

कोंग्सफ्योर्ड साधारण वीस किलोमीटर लांब आहे. त्याच्या मुखातून अटलांटिकचं कोमट पाणी आत येतं आणि डोक्याकडे क्रोनेब्रीनसारख्या हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. हिमनदीजवळचं पाणी वितळलेल्या बर्फाने आणि गाळाने लालसर, गढूळ झालेलं असतं. तिथे जेली असली तरी दिसत नाही. शिवाय हिमनदीचा कडा कोसळला की उठणारी लाट छोटी होडी उलथवू शकते. मी कड्यापासून निदान दोनशे मीटर दूर राहते, आणि बहुतेक वेळा त्याहून बरीच लांब. कामाचं पाणी फ्योर्डच्या मधल्या आणि बाहेरच्या भागात असतं.

कोंग्सफ्योर्डच्या काठावरच्या नी-ऑलेसुंड या वस्तीत एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळत नाही, म्हणजे उजेडासाठी थांबायला नको. थांबायचं ते वाऱ्यासाठी. वारा पूर्ण पडला आणि आकाश ढगाळ असलं की पाणी काचेसारखं होतं आणि दोन-तीन मीटर खालची जेलीही स्पष्ट दिसते. रात्रीचा तिरपा सूर्य मात्र पाण्यावर इतका चमकतो की काहीच दिसत नाही, तेव्हा पोलराइज्ड चष्मा लागतो. दोन प्रवाह जिथे भिडतात तिथे पाण्यावर फेसाची, शेवाळाच्या तुकड्यांची लांबच लांब रेघ तयार होते. त्या रेघेवरून इंजिन बंद करून सावकाश वाहत जा. जेलीफिश तिथे आपोआप जमलेल्या असतात.

महिना निवडायची मुभा असेल तर उन्हाळ्याचा शेवट निवडा. सायनिया तोवर वाढून मोठ्या झालेल्या असतात आणि त्यांच्या जननग्रंथी भरलेल्या असतात. माझ्या वह्यांमध्ये जुलैची पानं बरीचशी शून्यांची आहेत आणि ऑगस्टअखेरची गजबजलेली.

परवान्यांचं काम निघण्याच्या कितीतरी आधी उरका. स्वालबार्डमध्ये प्रकल्पाची नोंदणी आणि सिसेलमेस्टर, म्हणजे तिथल्या राज्यपालांच्या कार्यालयाची संमती लागते. अंटार्क्टिकात १९९१ च्या माद्रिद कराराचे नियम आहेत आणि आपल्याकडून जाणाऱ्यांना भारतीय अंटार्क्टिक कायदा, २०२२ लागू होतो. वस्तीबाहेर पाय ठेवताना ध्रुवीय अस्वलाला पळवून लावण्याचं साधन जवळ असणं स्वालबार्डमध्ये सक्तीचं आहे. मी होडीत नेहमी एका माणसाचं काम फक्त किनाऱ्याकडे बघणं एवढंच ठेवते. जेलीत रमलेल्या माणसाला आजूबाजूचं भान राहत नाही, हे मी स्वतःवरून सांगते.

काय न्यायचं

रुंद तोंडाच्या, पारदर्शक, दोन लिटरच्या झाकणाच्या बरण्या, जितक्या मिळतील तितक्या. वीस सेंटीमीटरहून मोठ्या सायनियासाठी बरणी पुरत नाही. तिथे झाकणाची वीस लिटरची बादली किंवा जाड पारदर्शक प्लास्टिकची मोठी पिशवी घ्या. बादलीही एका जेलीला एकच. लांब दांड्याला बांधलेला पाण्याखालचा छोटा कॅमेरा. काळ्या प्लास्टिकचा तुकडा, पाण्यात जेलीच्या मागे धरायला. पारदर्शक प्राणी काळ्यावर एकदम उठून दिसतो, आणि या एका तुकड्याने माझं जितकं काम सोपं केलं तितकं कुठल्याही महाग उपकरणाने केलं नाही. दोनशे मायक्रॉनची चाळणी. तापमापक. पाण्यात न भिजणारा कागद आणि शिसपेन्सिल. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये धुऊन जाते आणि मग तुमच्याकडे निनावी प्राण्यांच्या कुप्या उरतात.

कोपरापर्यंतचे हातमोजे हवेतच. सायनियाची शुंडकं, म्हणजे छत्रीखाली लोंबणारे धागे, तुटल्यावरही डसतात, दोरीला चिकटून वाळलेला तुकडासुद्धा डसतो. डंख झालाच तर जागा चोळू नका. समुद्राच्या पाण्याने धुणं आणि बर्फ लावणं हा जुना सल्ला सायनियाच्या बाबतीत उलटा पडतो, विष जास्त उतरतं. व्हिनेगरने धुवा आणि मग पंचेचाळीस अंशांच्या आसपासचा शेक चाळीस मिनिटं द्या. म्हणून होडीत व्हिनेगरची बाटली आणि गरम पाण्याचा थर्मास असतोच असतो.

आधी बघायचं

जेली दिसली की हात लगेच पुढे करू नका. मी घड्याळ लावून दोन मिनिटं नुसतं बघते. सायनिया छत्री मिटते, उघडते, मिटते. छत्री उघडते तेव्हा आतली बाजू क्षणभर दिसते, आणि तिथे घड्यांमध्ये बारीक, फिकट, तांदळाच्या दाण्याएवढे ठिपके हलताना दिसतात. एकदा नजर बसली की आधी दिसतात ते डोळे. बाकी शरीर जेलीच्या रंगात विरघळून गेलेलं असतं.

वहीत आधीच एक साधं चित्र छापून घ्या: वरून दिसणारं एक वर्तुळ आणि बाजूने दिसणारी एक छत्री. छत्रीचा बाहेरचा पृष्ठभाग, आतला पृष्ठभाग, जननग्रंथी, तोंडाजवळच्या झालरी, शुंडकं असे पाच भाग. दिसेल तिथे ठिपका मारायचा, शब्द लिहीत बसायचं नाही. थंडीत बोटं आखडलेली असताना ठिपका मारता येतो, वाक्य लिहिता येत नाही. त्याच वेळी कॅमेरा खालून फिरवून घ्यायचा. नंतर चित्रफीत बघताना नेहमी दोन-तीन जास्तीचे सापडतात, म्हणून ठिपक्यांची संख्या आणि चित्रफितीतली संख्या वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.

उचलायची कशी

बरणी पाण्याखाली नेऊन पूर्ण भरू द्या. मग ती जेलीच्या खालून, शुंडकांच्या बाजूने नाही तर छत्रीच्या कडेने, हळूहळू वर आणा आणि जेलीला आत वाहत येऊ द्या. ओढायचं नाही, ढकलायचं नाही. झाकण पाण्याखालीच लावा. हे महत्त्वाचं आहे, कारण बरणीत हवा राहिली तर होडीच्या हेलकाव्यांनी बुडबुडे छत्रीखाली अडकतात, तिथे भोकं पडतात, आणि अर्ध्या तासात जेलीच्या चिंध्या होतात. जेली पाण्याबाहेर कधीच काढू नका. स्वतःच्या वजनाने ती फाटते, आणि पाणी निथळताना अँफिपॉड त्याच्याबरोबर खाली पडतात.

लहान कोम्ब जेली, विशेषतः मर्टेन्सिया ओव्हम, बरणीच्या तोंडाशी येताच उसळी मारून बाजूला जाते. तिच्यासाठी मी लांब दांड्याचा मोठा डाव वापरते. जाळी नसलेला, गुळगुळीत. जेली आणि तिच्याभोवतीचं पाणी एकत्र उचलायचं.

आता माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त विसरली जाणारी पायरी. जेली उचलल्यावर तिथेच, दोन-तीन मीटर बाजूला, जेली नसलेल्या पाण्यात तेवढीच बरणी तशीच बुडवून भरा आणि तिला 'कोरी' अशी चिठ्ठी लावा. थेमिस्टोची पिल्लं आणि इतर प्लवक पाण्यात मोकळं फिरत असतं, त्यातलं काही जेलीबरोबर बरणीत येणारच. कोऱ्या बरणीत तेच प्राणी तितकेच निघाले तर ते जेलीवरचे नव्हते. कोऱ्या बरणीत काही नाही आणि जेलीच्या बरणीत सात आहेत, तर तुमचं म्हणणं पक्कं. मी दर पाच जेलींमागे एक कोरी बरणी भरते.

प्रत्येक बरणीत कागदाची चिठ्ठी आत आणि त्याच क्रमांकाची चिठ्ठी बाहेर. क्रमांक, वेळ, जागा, पाण्याचं तापमान, खोली. बस.

परतीच्या वाटेवर

उन्हाळ्यात वरचं पाणी चार-सहा अंशांचं असतं. बरणी होडीच्या उन्हात ठेवली तर तासाभरात ती कोमट होते, आणि मग एकेक करून अँफिपॉड जेली सोडून तळाशी जातात. समुद्राचं पाणी भरलेल्या टबात बरण्या बुडवून ठेवा, वर काळं कापड टाका.

एक गोष्ट मात्र बरणीत जरूर बघा. जेलीला धरून बसलेला हायपेरिया फिकट, जवळजवळ पारदर्शक असतो. तो सुटून पोहायला लागला की थोड्याच वेळात तपकिरी-लाल होत जातो, कारण त्वचेतल्या रंगपेशी पसरतात. मी एकदा एकच मादी जवळून बघत बसले होते. काचेला धरून ती गडद होती. पाणी स्थिर झालं, ती वर आली, छत्रीच्या कडेला पायांच्या टोकांनी पकड घेतली, दोनदा जागा बदलली आणि आतल्या घडीत शिरली. मी घड्याळ बघायला मान वळवली आणि परत पाहिलं तर ती दिसेना. जागेवरच होती, पण रंग उतरला होता. फक्त डोळ्यांवरून सापडली. म्हणून बरणीत एखादा गडद रंगाचा प्राणी दिसला तर 'किती वेळापूर्वी सुटला असेल' याची नोंद करून ठेवा. तो जेलीवरचा नव्हता असं मात्र त्यावरून ठरवू नका.

टेबलावर

थंड खोली असेल तर उत्तम, नसेल तर ट्रे बर्फावर ठेवा. काळा, उथळ ट्रे. बरणीतलं पाणी आधी चाळणीतून गाळा, आणि चाळणीवर जे राहील ते त्याच जेलीच्या खात्यात मोजा, 'सुटलेले' या रकान्यात. हे पाणी फेकून देणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या आकड्यांत निम्मे अँफिपॉड गायब असतात.

जेली ट्रेमध्ये पाण्यात तरंगत असताना, पूर्ण उघडलेली असताना छत्रीचा व्यास मोजा. टॉर्च बाजूने, तिरपी धरा. वरून धरलात तर सगळंच चमकतं. आधी बाहेरचा पृष्ठभाग, मग उलटी करून आतला, मग झालरी एकेक करून उलगडायच्या, शेवटी जननग्रंथींच्या खिशांत बघायचं. मोठे अँफिपॉड बोथट चिमट्याने नाही, रुंद तोंडाच्या पिपेटने ओढून घ्या. चिमट्यात पाय तुटतात, आणि ओळख पायांवरूनच होते.

पिल्लांसाठी घाई करू नका. हायपेरियाची मादी पोटाखालच्या पिशवीत अंडी वाढवते आणि पिल्लं यजमानाच्या अंगावरच सोडते. ती इतकी लहान असतात, मिलिमीटरच्या आसपास, आणि जेलीच्या मांसात अशी रुतून बसतात की नुसत्या डोळ्यांना बुडबुडे वाटतात. जननग्रंथीचा एक तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलात तर हलणारे पाय दिसतील. ज्या जेलीवर एकही मोठा अँफिपॉड नाही तिच्यातही पिल्लं निघतात, म्हणून 'रिकामी' लिहिण्याआधी एक तुकडा बघाच.

पिशवी भरलेली मादी जिवंत मिळाली तर माझं ऐका, तिला लगेच इथेनॉलमध्ये टाकू नका. तिच्या जेलीसकट थंड खोलीत, अंधारात, रात्रभर ठेवा आणि लाल उजेडात अधूनमधून बघा. अंग वाकवून, पायांनी पिल्लांना एकेका जागी बसवताना ती दिसण्याची शक्यता असते. फ्रान्सच्या फिलिप लाव्हाल यांनी १९८० मध्ये हायपेरीडांवर जो मोठा आढावा लिहिला, त्यात या वागण्याला फार महत्त्व दिलं आहे, कारण मोकळ्या पाण्यात पिल्लं सोडली तर ती जगण्याची आशा फारशी नसते.

कोण आहे ते ओळखणं

तीन प्रश्न विचारा, याच क्रमाने.

डोळे डोक्याचा जवळपास सगळा भाग व्यापतात का? नसतील, डोळा लहान आणि अंग दोन्ही बाजूंनी चपटं असेल, तर तो हायपेरीड नाही. बर्फाखाली राहणारे गॅमरस किंवा अफेरूसा असे अँफिपॉड वितळत्या बर्फाबरोबर खाली येतात आणि बरणीत शिरतात.

तिसऱ्या आणि चौथ्या जोडीच्या पायांतलं एक पेर रुंद होऊन पुढच्या पेराबरोबर पकड तयार करतं का? करत असेल तर थेमिस्टो.

नसेल, तर पहिल्या दोन जोड्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा. टोकाशी खऱ्या चिमट्यासारखी रचना, म्हणजे एका पेरातून निघालेलं पात्यासारखं टोक पुढच्या पेराला भिडतं, असं असेल तर हायपेरोके. साधे, चिमटा नसलेले पाय आणि गुबगुबीत अंग असेल तर हायपेरिया. हायपेरियामध्ये नर-मादी ओळखणं सोपं आहे: नराच्या स्पर्शिका लांब, मादीच्या अगदी आखूड.

जातीपर्यंत जायला पाय सुटे करून, काचपट्टीवर ठेवून बघावं लागतं. ते घाईच्या दिवसांत करू नका. पण वंश आणि लिंग मात्र त्याच दिवशी लिहून टाका, कारण इथेनॉलमध्ये डोळ्यांचा हिरवा रंग टिकत नाही आणि मग पहिली झटकन होणारी ओळख हातची जाते.

जपून ठेवणं

दोन रस्ते आहेत आणि दोन्ही लागतात. डीएनएसाठी ९५ टक्के इथेनॉल. अँफिपॉडच्या अंगात पाणी असतं त्याने इथेनॉल पातळ होतं, म्हणून चोवीस तासांनी ते बदला. शरीररचनेसाठी बोरॅक्स घातलेलं चार टक्के फॉर्मल्डिहाइड, म्हणजे बाजारातल्या फॉर्मॅलिनचा एक भाग आणि समुद्राच्या पाण्याचे नऊ. ते फक्त हवा खेळती असलेल्या जागी, हातमोजे आणि चष्मा घालून हाताळा. समस्थानिकांचं (आयसोटोपचं) काम करायचं असेल तर तिसरा भाग कोरडा गोठवा, फॉर्मॅलिन अजिबात नको.

यजमानाचंही तसंच. सायनियाचा नखाएवढा तुकडा इथेनॉलमध्ये ठेवा, त्याच क्रमांकाने. मर्टेन्सियासारख्या कोम्ब जेली मात्र फॉर्मॅलिनमध्ये विरघळून जातात. दुसऱ्या दिवशी बाटलीत ढगाळ पाणी उरतं. त्यांचे फोटो आधी, सगळ्या बाजूंनी, मोजपट्टी शेजारी ठेवून.

क्रमांक देताना मी जेलीला संख्या आणि अँफिपॉडला तीच संख्या आणि अक्षर देते: जेली १४, तिच्यावरचे १४-अ, १४-ब, १४-क. कुप्या कितीही हातांतून गेल्या तरी जोडी तुटत नाही. संग्रहालयात नमुने देतानाही अँफिपॉड आणि यजमानाचा तुकडा एकत्रच द्या. वेगवेगळ्या कपाटांत गेले की काही वर्षांनी ते एकमेकांचे होते हे कोणालाच माहीत नसतं.

खात होता का?

हे काम संध्याकाळी, निवांत. अँफिपॉडचं पोट उघडून आतला ऐवज काचपट्टीवर पसरवा. जेलीचं मांस पचून जातं आणि काही दिसत नाही, पण तिच्या दंशपेशींच्या कुप्या टिकतात. सूक्ष्मदर्शकात लंबगोल, आत गुंडाळलेला धागा असलेल्या दिसतात. त्याच जेलीच्या शुंडकातला चुरा शेजारच्या काचपट्टीवर ठेवून आकार ताडून बघा. जुळले तर त्याने यजमान खाल्ला आहे. पोटात कोपेपॉड या बारीक कवचधारी प्लवकाचे पाय आणि कवचाचे तुकडे निघाले, तर बहुधा त्याने जेलीने पकडलेला घास उचलला. दोन्ही एकाच पोटात निघाले तर दोन्ही लिहा.

जेली म्हणजे अन्नसाखळीतली बंद गल्ली असं बरीच वर्षं मानलं गेलं: तिला फारसं कोणी खात नाही, म्हणून तिच्यात गेलेलं अन्न तिथेच संपतं. पण तिचं मांस पोटात घेतलेला अँफिपॉड मासे आणि पक्षी आवडीने खातात. सायनियाच्या छत्रीखाली आसऱ्याला येणारी कॉडच्या कुळातली पिल्लंही त्याला टिपतात. त्या काचपट्टीवरच्या लंबगोल कुपीला मी एवढी किंमत देते ती यासाठी.

मोजणी

तीन आकडे काढा आणि तिन्ही द्या. समजा चाळीस जेली तपासल्या, नऊ जेलींवर अँफिपॉड होते, आणि एकूण त्रेसष्ट सापडले. बाधित जेलींचं प्रमाण साडेबावीस टक्के. बाधित जेलीमागे सरासरी सात. तपासलेल्या प्रत्येक जेलीमागे सरासरी सुमारे दीड. यातला मधलाच आकडा दिला तर फ्योर्ड अँफिपॉडने भरलेला वाटतो, शेवटचाच दिला तर कुठे काही नाही असं वाटतं. सरासरीबरोबर सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी संख्याही लिहा, कारण हे प्राणी सारखे वाटले जात नाहीत. बहुतेक जेली रिकाम्या असतात आणि एखादीवर गर्दी असते.

आणि त्या एकतीस रिकाम्या जेलींची प्रत्येकी एक ओळ वहीत असलीच पाहिजे: क्रमांक, व्यास, वेळ, तापमान, आणि शेवटच्या रकान्यात शून्य. दिवस संपताना हात गारठलेले असतात, होडी परतायची असते, आणि ज्या जेलीवर काही दिसलं नाही ती न लिहिताच सोडून द्यावीशी वाटते. मी ती ओळ बरणी उघडायच्या आधीच आखून ठेवते, शेवटचा रकाना तेवढा कोरा सोडून.